साक्षीची ओळ

१

जे बोलायचे ते साहेबांनी एका वाक्यात बोलून टाकले होते, आणि ते वाक्य आता टेबलाच्या मधोमध पडून होते. उचलायला कुणी हात पुढे करत नव्हते.

“हिने निकाल खोटा लिहिला, आणि खोटं अंगाशी येतंय असं दिसल्यावर फाइली पुसल्या.”

खोलीला खिडकी नव्हती. हवा खेळवणाऱ्या यंत्राची घरघर तेवढी होती, आणि ती इतकी एकसुरी होती की तिच्यामुळे शांतता कमी होण्याऐवजी घट्ट होत होती. टेबल खोलीच्या मानाने फारच मोठे. ते आतच जोडलेले; दारातून न्यायचे झाले तर पाय कापावे लागतील, असे सकाळी मला कुणीतरी हसत सांगितले होते. टेबलाभोवती आम्ही चौघे होतो. मी, प्रमाणपत्र द्यायचे की नाही हे ठरवायला बाहेरून आलेली तपासनीस. साहेब, या प्रयोगशाळेचे प्रमुख. आणि एक भाऊ, एक बहीण. भावाला इथे सगळे ‘गुरुजी’ म्हणत, कारण बहुतेकांना त्यानेच शिकवले होते. बहिणीला काय म्हणतात ते मला थोड्याच वेळात कळणार होते. माझ्या वहीत मी त्यांना थोरला आणि धाकटी एवढेच लिहून ठेवले होते.

साहेबांचे वाक्य धाकटीबद्दल होते. तिने ते ऐकले, आणि समोरच्या पेनाचे टोपण काढून पुन्हा लावले. एवढेच.

इथे एक पंप तयार होतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या नसेत औषध ढकलणारा, मुठीएवढा. पंपाला हुकूम देणारा प्रोग्रॅम माणसांच्या भाषेत लिहिलेला असतो. तो यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा कंपायलर या खोलीत बांधला जातो. माणसाने एक सांगावे आणि यंत्राने दुसरेच ऐकावे असे होऊ नये, म्हणून कंपायलरच्या चाचण्या घ्यायच्या. आज त्यातला शेवटचा गट होता. नऊ चाचण्यांचा.

प्रमाणपत्राच्या दिवशी खोली सीलबंद होते. फोन पहारेकऱ्याच्या खणात जमा. दार बाहेरून बंद. आतून जाणारे निकाल आणि पहारेकऱ्याच्या तक्त्यावरची संख्या जुळली, तरच दार उघडायचे. तक्त्यावर नऊ होते. यंत्रात जेवणाच्या सुट्टीपर्यंत नऊ होते.

सुट्टीनंतर सहाच उरले. तिसरी, सहावी आणि सातवी चाचणी नाहीशी झाली होती.

“अहो, सहा घेऊन मी काय करू?” दाराच्या फटीतून पहारेकरी सकाळपासून पहिल्यांदाच चिडून बोलला. “नऊ म्हणजे नऊ. पाचपर्यंत जुळलं नाही तर तक्ता आहे तसा वर जाईल. मग तुमचं तुम्ही बघा.”

घड्याळात अडीच वाजले होते.

२

कपाटांमागे दोन स्टुले होती. धाकटी तिथे येऊन बसली आणि मी काही विचारायच्या आत म्हणाली, “मी पुसल्या नाहीत.”

“मग कुणी?”

“या खोलीत सकाळपासून आम्ही तिघं आहोत, मॅडम, आणि चाचण्यांचं खातं तिघांचं एकच. पासवर्डही एकच. पण प्रश्न मात्र मला एकटीला.”

तीस-बत्तीसची असावी. बोटांची नखे अगदी मुळाशी कापलेली. तिने निकालाचा कागद माझ्यापुढे सरकवला.

नऊही चाचण्या एकाच साच्याच्या होत्या. औषधाची मात्रा घ्यायची: शून्य दशांश एक मिलिलिटर, शून्य दशांश दोन, असे करत शून्य दशांश नऊपर्यंत. तिला दहाने गुणायचे. आलेल्या उत्तराचा पूर्णांक करायचा, कारण पंपातली मोटर पूर्ण पावलेच टाकते. सातव्या चाचणीत शून्य दशांश सात गुणिले दहा, म्हणजे सात पावले. पाटीवर करता येण्याजोगे गणित.

धाकटीच्या कागदावर लिहिले होते: तिसरी, हवे तीन, मिळाले दोन. सातवी, हवे सात, मिळाले सहा. बाकी तीन पास.

“बाकी तीनच कशा?”

“विषम माझ्या, सम दादाच्या. एकाने दुसऱ्याच्या कागदावर बघून लिहू नये म्हणून तशी वाटणी असते. त्याच्या चारही पास आहेत.”

“आणि नापास झाल्यावर काय करता?”

“साक्षीची ओळ घालतो.” माझा चेहरा पाहून तिने खुलासा केला. “इथला जुना नियम आहे. नापास झालेल्या चाचणीत गुणाकार आणि पूर्णांक यांच्या मधोमध एक ओळ घालायची: आलेलं उत्तर पडद्यावर छाप. म्हणजे यंत्राने कुठे माती खाल्ली ते डोळ्यांनी दिसतं. साक्षीशिवायचा नापास इथे धरत नाहीत.”

“मग साक्ष काय म्हणाली?”

ती पहिल्यांदाच हसली. त्या हसण्यात आनंदाचा लवलेश नव्हता.

“ओळ घातली की सात. काढली की सहा. परत घातली, सात. अकरा वेळा केलं. मी बघायला गेले की हा चोर सुटतो, मॅडम. आणि पाठ फिरवली की तिथेच उभा. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, झाला का भोंगा सुरू?”

“भोंगा?”

“मला म्हणतात. गेल्या वर्षी मी एक नापास लिहिला होता. दोन दिवस सगळ्यांनी शोधाशोध केली, आणि शेवटी एक केबल सैल निघाली. तेव्हापासून.” तिने पेन खिशाला लावले. “साक्षीत पास दिसतंय, माझ्या कागदावर नापास आहे, आणि आता फाइलीच नाहीत. कोणीही म्हणेल की हिनेच काहीतरी केलं.”

“हे तसंच राहिलं तर तुमचं काय होईल?”

“माझ्या नावापुढे ‘निकालात फेरफार’ असा शेरा पडेल. त्या शेऱ्यानंतर कुठल्याच प्रयोगशाळेचं दार उघडत नाही. मग घरी बसेन. घर दादाचंच आहे.” ती थांबली. “तो सांभाळून घेईल. रोज. चारचौघांत सुद्धा. ते तुम्हाला नाही कळायचं.”

मला कळले. काही घरांना कुलूप लागत नाही, कारण तिथून निघून जावे असे वाटणेच कृतघ्नपणाचे ठरवलेले असते.

उठता उठता ती म्हणाली, “खोटंच लिहायचं असतं ना, तर मी सहा नसतं लिहिलं. चांगलं सत्तेचाळीस लिहिलं असतं. कुणाला तरी पटलं असतं.”

३

साहेब उभ्या उभ्याच बोलले. त्यांना बसवत नव्हते.

“निवृत्तीला अकरा महिने राहिलेत, मॅडम. मला कुणाशी वैर नाही. पण साक्षीची ओळ हा माझा नियम आहे, मी घालून दिलेला. वीस वर्षांत तिने मला दगा दिला नाही. ओळ सांगते पास. पोरगी सांगते नापास. मी कुणाचं ऐकू?”

“तुम्ही स्वतः ओळ न घालता चाचणी चालवून पाहिलीत?”

“कशाला? डोळे मिटून बघण्यासारखंच की ते.”

“आणि जेवणाच्या सुट्टीत कुठे होतात?”

“याच खुर्चीत. डबा खात. त्या पोरीची पाठ माझ्याकडे, गुरुजी यंत्रांपाशी. मी कुणावर पहारा देत बसलो नव्हतो.” मग आवाज उतरवून म्हणाले, “काहीही करून प्रमाणपत्र मिळवायचं असतं तर मी तीन फाइली कशाला पुसेन? मी तर नऊच्या नऊ पास करून दार उघडलं असतं.”

ते खरे होते. आणि ते किती खरे आहे हे दोन तासांनी कळायचे होते.

थोरला मात्र माझ्यासमोर नीट बसला. शांत, नेटका माणूस. बोलण्याआधी त्याने बहिणीची पाण्याची बाटली भरून तिच्या जागेवर नेऊन ठेवली, झाकण घट्ट केले, मग आला.

“ती लबाड नाही,” तो म्हणाला. “एवढं लिहून घ्या. पण तिला लहानपणापासून नसलेल्या चाहुली लागतात. अंगणात कुणी नसताना दार उघडायला धावायची. चुकून लिहिलं असेल काहीतरी, मग घाबरली असेल. शेरा जरा सौम्य लिहिता येईल का? मी सांभाळून घेईन तिला.”

“पंपाचा प्रोग्रॅम वेगाने चालावा म्हणून कंपायलर जे जलद बिल्ड करतो, ते तुमचं काम?”

त्याच्या चेहऱ्यावर दिवा लागला. “हो. त्यातल्या माझ्या टप्प्याला गुरुजींची पायरी म्हणतात इथे. तसं साधंच आहे. पूर्वी आपला कंपायलर प्रत्येक गणिताचं उत्तर प्रोसेसरच्या आतल्या कप्प्यातून काढून मेमरीत ठेवायचा, आणि लगेच पुन्हा आत आणायचा. उगाच हेलपाटे. मी ते वाचवले. आता उत्तर आतच राहतं. बाहेर काढावंच लागलं तर निघतं, नाहीतर नाही. पंप दीडपट चपळ झाला.”

“आत एका संख्येला जागा किती असते?”

“या जुन्या प्रोसेसरमध्ये ऐंशी घरं. मेमरीत चौसष्ट.” उत्तर सवयीने आले होते. मग तो थबकला, एक क्षणच. “का विचारताय?”

“सहज.”

त्याच्या चार चाचण्यांचा कागद मी मागून घेतला. दोन, चार, सहा, आठ. चारही ठिकाणी ‘पास’. अक्षर असे की छापील वाटावे.

पहारेकऱ्याने दारावर बोटे वाजवली. “साडेतीन!”

४

पुसलेल्या फाइली परत मिळणार नव्हत्या. त्यांच्या प्रती दाराबाहेर होत्या आणि दार त्या फाइलींविना उघडणार नव्हते. हा पेच मला जवळजवळ सुंदर वाटला. मग लक्षात आले की चाचणी म्हणजे चार ओळी. संख्या वाच, दहाने गुण, पूर्णांक कर, हव्या त्या आकड्याशी ताडून पाहा. मी त्या हाताने लिहू शकत होते. तपासनीस होण्याआधी मी हेच काम करत असे.

पंपात आहे तोच जुना प्रोसेसर कोपऱ्यातल्या एका उघड्या पट्टीवर बसवलेला होता. त्याला सगळे ‘आजोबा’ म्हणत. त्याच्याकडे वळताना टेबलाचा कोपरा माझ्या कमरेत असा बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

“दिवसातून एकदा तरी सगळ्यांना लागतो,” धाकटी मागून म्हणाली. “टेबल खोलीत ऐसपैस वाटतं. दारापाशी गेल्यावर कळतं केवढं आहे ते.”

मी कंबर चोळत उभी राहिले. टेबलाकडे पाहिले, दाराकडे पाहिले. पुन्हा टेबलाकडे.

ऐंशी घरे. चौसष्ट घरे.

सातवी चाचणी लिहिली, जलद बिल्ड केले, आजोबांना दिली. पडद्यावर आले: हवे सात, मिळाले सहा.

तो सहा मी बराच वेळ पाहत राहिले. आपण वेडे नाही हे कळायला कधी कधी दुसऱ्याचे वेड उसने घ्यावे लागते. मग साक्षीची ओळ घातली. सात. काढली. सहा. धाकटी श्वास रोखून मागे उभी होती. तिला वळून काही सांगावे असे वाटले, पण मी सांगितले नाही. अजून एक गोष्ट बाकी होती.

नऊही चाचण्या लिहून काढल्या आणि एकामागून एक चालवल्या, ओळीशिवाय. पहिली पास, दुसरी पास. तिसरी नापास. चौथी, पाचवी पास. सहावी नापास. सातवी नापास. आठवी, नववी पास.

तीन, सहा, सात. पुसलेल्या फाइलींचेच आकडे. जुळणी चोख होती. इतकी चोख की मला हायसे वाटायला हवे होते.

तसे वाटले नाही. मी दोघांचे कागद पुन्हा एकदा शेजारी शेजारी ठेवून वाचले, आणि सगळ्यांना टेबलाशी बोलावले.

५

“कुणी खोटं बोललेलं नाही,” मी सुरुवात केली. “निदान आकड्यांपैकी तरी कुणी नाही.”

साहेबांनी भुवया उंचावल्या.

“शून्य दशांश सात ही संख्या यंत्राला नेमकी लिहिताच येत नाही. ते केसभर कमी लिहितं. तिला दहाने गुणलं की उत्तर येतं सहा, दशांशचिन्ह, आणि पुढे नऊंची रांग. पंधरा नऊ, मग पाच, आणि आणखी काही. आतल्या ऐंशी घरांच्या कप्प्यात ही सगळी रांग मावते. मेमरीची घरं चौसष्ट. तिथे जायचं तर शेपूट मावत नाही. संख्येला मावेल अशा शेजारच्या जागी बसावं लागतं. ती जागा म्हणजे बरोबर सात.”

“म्हणजे मेमरीत गेलं की सात,” धाकटी हळू म्हणाली.

“आणि आतच राहिलं की सहा. कारण पूर्णांक करताना यंत्र जवळचा आकडा शोधत नाही. दशांशचिन्हापुढचं सरळ तोडून टाकतं. पंधरा नऊ असोत की पन्नास. जलद बिल्डमध्ये उत्तर आतच राहतं. तिथेच त्याची मान कापली जाते.”

“पण माझी ओळ...” साहेब म्हणाले, आणि वाक्य अर्ध्यावर राहिले.

“तुमची ओळ उत्तर पडद्यावर छापायला सांगते. छापायला द्यायचं तर संख्येला कप्पा सोडून मेमरीत यावंच लागतं. त्या दारातून ती सात होऊन निघते, आणि पुढच्या ओळीला सातच मिळतो. साक्षीदार येतो म्हणून गुन्हा घडत नाही, साहेब. ओळ खोटं बोलत नव्हती. ती समोर असताना घडतं तेवढंच सांगत होती.”

साहेब खुर्चीत बसले. जेवणानंतर पहिल्यांदाच. “वीस वर्षं,” ते स्वतःशी म्हणाले. “वीस वर्षं जिथे जिथे काही बिघडलं, तिथे तिथे मी ती ओळ घातली.”

धाकटीकडे त्यांनी पाहिले नाही. मग त्यांच्यातला प्रमुख जागा झाला. घड्याळाकडे बघत त्यांनी तोंडाने हिशेब केला. “बरं. वेळ कमी आहे. तिन्ही चाचण्यांत ओळ कायमची ठेवून द्या. नऊच्या नऊ पास होतील. दार उघडेल. पुढचं पुढे बघू.”

कुणी तरी बोलावे म्हणून मी थांबले. बोलली धाकटी.

“साहेब, पंपात साक्षीची ओळ नाहीये.”

हवेच्या यंत्राची घरघर पुन्हा ऐकू येऊ लागली.

“तिथे कुणी बघत नसतं,” ती म्हणाली. “तिथे सात मागितल्यावर सहाच जाणार.”

मी थोरल्याकडे वळले. तो मघापासून टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होता, जणू कुठे फट आहे का ते चाचपत. “राहिलं एवढंच,” मी म्हणाले, “की फाइली कुणी पुसल्या.”

“मी,” थोरला म्हणाला.

साहेब ताडकन उठले. “गुरुजी!”

“मीच पुसल्या. जेवणाच्या सुट्टीत.” त्याचा आवाज घसरला नाही. “हिने नापास लिहिलं, साक्षीत पास आलं. पुन्हा भोंगा म्हणून हसतील, या वेळी काढूनच टाकतील असं वाटलं. फाइलीच नसल्या तर वाद कशाचा घालणार? यंत्र बिघडलं म्हणून सोडून देतील. ती खोटी ठरू नये म्हणून केलं. उलटंच झालं.” बहिणीकडे पाहून तो म्हणाला, “तुला वाचवायचं होतं गं. दुसरं काय?”

साहेबांचे डोळे पाणावले. एका भावाचा हा गुन्हा त्यांना पटला. तो कुणालाही पटला असता. त्यांनी थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवला. “सांगायचं होतंस रे बाबा. एवढ्यासाठी माणूस आयुष्यातून उठलं असतं ना.”

धाकटीचा चेहरा सैल झाला होता, दिवसभर आवळलेली मूठ उघडावी तसा. मी तिला म्हणाले, “आधी दुरुस्ती. तुम्ही करा.”

ती आजोबांसमोर बसली. थोरल्याच्या पायरीत तिने एक अट घातली: कुठल्याही उत्तराचा पूर्णांक करण्याआधी ते एकदा मेमरीत उतरलेच पाहिजे, तेवढा हेलपाटा वाचवायचा नाही. मग चाचण्या नव्याने लिहिल्या. प्रत्येकीत तोच प्रश्न दोनदा: एकदा ओळ घालून, एकदा मुक्याने. दोन्ही उत्तरे एक आली तरच पास. बोटे भराभर चालत होती. भाऊ तिच्या मागे उभा राहून पाहत होता, आणि एकदा, सवयीने, “तिथे कंस राहिला,” असे म्हणाला. तिने कंस घातला.

नऊ पास. पाचला सात मिनिटे कमी होती.

“हां, हे झालं नऊ!” दाराबाहेरून पहारेकरी म्हणाला. “आता तिघांच्या सह्या सरकवा, की मोकळे.”

६

साहेबांनी सही केली. धाकटीने केली. थोरल्याने पेन हातात घेतले.

“एक मिनिट,” मी म्हणाले. “सकाळचे निकाल नोंदवहीत लावायचे राहिले.” आणि दोन्ही कागद, विषमांचा आणि समांचा, धाकटीच्या हातात दिले.

मी स्वतःच बोलू शकले असते. अहवालात मला ते लिहायचेच होते. पण दिवसभर त्या मुलीला जे काही मिळाले होते ते कुणीतरी तिच्या वतीने बोलून, तिच्या वतीने ठरवून, तिच्या वतीने पुसून. एवढे एक तिचे तिला मिळावे असे वाटले. ते देणे होते की क्रूरपणा, हे मला अजूनही ठरवता आलेले नाही.

तिने आपला कागद नोंदवहीत लावला. भावाचा लावायला घेतला, आणि तिचा हात थांबला. तिची नजर त्या छापील वाटणाऱ्या अक्षरावरून एकदा वर गेली, एकदा खाली.

“दादा.”

“हं.”

“मी तिसरी आणि सातवी नापास लिहिली होती.”

“माहीत आहे.”

“दोनच. मला वाचवायला दोनच पुसाव्या लागल्या असत्या.”

थोरल्याचे पेन कागदावर टेकले होते. टोकाशी शाईचा ठिपका मोठा होत गेला.

“सहावी माझी नव्हती,” धाकटी म्हणाली. “सहावी तुझी. इथे पास आहे. तुझ्याच हाताने लिहिलंय.”

साहेब काहीतरी बोलायला गेले. मी हाताने त्यांना थांबवले.

“पास झालेली चाचणी कुणी का पुसेल? नापास होते हे ज्यानं पाहिलंय, तोच पुसेल ना.” तिचा आवाज चढला नाही, उलट इतका खाली गेला की आम्ही सगळे नकळत पुढे झुकलो. “म्हणजे तुलाही दिसलं होतं. माझ्याही आधी, कदाचित. मी अकरा वेळा घालून-काढून बघत होते, तू मागे उभा होतास, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, राहू दे, दमलीस तू. तेव्हा तुला माहीत होतं.”

“पायरी माझी होती,” थोरला म्हणाला. तेवढ्या तीन शब्दांनी जणू सगळे सांगून झाले. कदाचित झालेही असेल. दीडपट चपळ पंप, चार छापील ‘पास’, आणि समोर एक बहीण, जिच्यावर तसाही कुणी विश्वास ठेवत नव्हते.

“पायरीचं नाही विचारत मी.” तिने कागद टेबलावर ठेवला, त्या कधीच बाहेर न जाणाऱ्या टेबलावर, आणि तळहाताने सपाट केला. “लहानपणी मी दार उघडायला धावायचे. तू सगळ्यांना सांगायचास, बाहेर कुणी नसतं, हिला भास होतात. आज मॅडमनाही सांगितलंस. मला इथवर ऐकू आलं. तेव्हा बाहेर खरंच कुणी नसायचं का, दादा?”

थोरल्याने सही केली. पेनाला टोपण लावले, खिशात ठेवले. मग बहिणीची पाण्याची बाटली उचलली, ती रिकामी आहे हे पाहिले, आणि जिथे होती तिथेच परत ठेवली. कागद त्याने स्वतःच दाराच्या फटीतून सरकवला. कुलूप फिरल्याचा आवाज झाला. दार उघडले, अरुंद, एका वेळी एकच माणूस जाईल असे, आणि बाहेरच्या संध्याकाळचा उजेड खोलीत पट्टीसारखा पडला.

“दादा?”

तो अंग चोरून त्या दारातून बाहेर पडला, आणि व्हरांड्यातून चालत गेला.